मांडीवर रोवलेला गुडघा

पडले तेव्हा मला काहीच दुखलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न तोच असतो. डावा हात कोपर आणि मनगटाच्या मधोमध वाकला होता, जिथे हाताला सांधाच नसतो तिथे. डाव्या मांडीवर वीतभर जखम होती. आणि मी उभी राहून ओढणीवरची धूळ झटकत होते.

मी परिचारिका आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या गावांमध्ये एकोणीस वर्षं काम करते. माझं माहेर गोंदियाला लागून असलेलं मुर्री, सासर अर्जुनीत, नवरा शाळेत शिक्षक. दर मंगळवारी लसींचा डबा स्कूटीवर बांधून जंगलातल्या दोन-तीन गावांना जायचं, अंगणवाडीत बसून लेकरांना लसी द्यायच्या, गरोदर बायांचं वजन आणि रक्तदाब बघायचा, हे माझं नेहमीचं काम. तो रस्ता मला इतका पाठ होता की खड्डे माझ्या आधी स्कूटीलाच कळायचे.

मोहाचा हंगाम होता. मार्च संपत आला होता आणि सकाळचे साधारण नऊ वाजले होते. मोहाच्या झाडांखालचा पालापाचोळा जाळून लोकांनी जमीन साफ केली होती, तिथे पिवळी फुलं पडलेली दिसत होती. रानडुकरांनाही ती आवडतात. कळप रस्ता ओलांडताना मी शंभरदा पाहिला आहे. थांबायचं, जाऊ द्यायचं, मग निघायचं. त्या दिवशीही मी थांबले. चार गेली, पाचवं गेलं. झाली सगळी, असं समजून मी स्कूटी सोडली आणि मागे राहिलेलं एक थेट पुढच्या चाकात आलं.

माझीच घाई झाली. कुणाला बोल लावायला जागा नाही.

डुक्कर उठून पळालं. मीही उठले. पहिलं काय केलं असेल, तर लसींचा डबा उचलून झाकण घट्ट आहे ना ते बघितलं. मग स्कूटी उभी करायला गेले. उजव्या हाताने ती उचलेना, म्हणून डावा पुढे केला, तर तो माझं ऐकेना. तेव्हा मी त्याच्याकडे पाहिलं. "अरे, हा मोडला वाटतं," असं मी मोठ्याने म्हणाले. दुसऱ्या कुणाच्या हाताबद्दल बोलावं तसं. मोबाईल काढून बघितला, त्या वळणावर रेंज नसतेच. म्हणून डबा उजव्या हातात घेऊन मी चालायला लागले.

वीस-पंचवीस पावलं गेले असेन. डावी चप्पल पायात सटकायला लागली. पाण्याची बाटली फुटली आणि पाणी चपलेत उतरलं असं मला वाटलं. खाली पाहिलं, तर ते पाणी नव्हतं.

एकदा आमच्या दवाखान्यात कुऱ्हाडीने पाय फोडून घेतलेला एक लाकूडतोड्या आला होता. दोन कोस चालत आला, दाराशी नाव सांगितलं, पायरीवर बसला आणि मग गुरासारखा ओरडायला लागला. आम्ही सिस्टर लोक नंतर आपसात हसलो होतो की हा इतका वेळ कुठे होता. तो कुठे होता ते मला आता कळलं. जखम झाली की शरीर आधी पळायची तयारी करतं. काळीज जोरात धावायला लागतं, श्वास वाढतो, तोंड सुकतं, पोटात मुरडा येतो, आणि दुखणं बाहेरच थांबवून ठेवलं जातं. नजरही आखडते, समोरची एकच गोष्ट दिसते. मला फक्त लसींचा डबा दिसत होता. हे सगळं मी नर्सिंगच्या वर्गात पाठ करून लिहिलं होतं आणि चांगले मार्कही मिळवले होते. पण ते माझ्यावर चालू असताना मला ओळखू आलं नाही.

रस्त्याच्या कडेला एक बाई मोहफुलं वेचत होती. पन्नाशी ओलांडलेली, बारीक अंगाची, नेसूचं पातळ गुडघ्यापर्यंत खोचलेलं, डोक्याला फडकं घट्ट बांधलेलं. तिने टोपली ठेवली आणि माझ्याकडे बघतच उभी राहिली.

"काऊन व बाई, कुठी चालली तू?"

"गावात. आज लसीकरण आहे."

"लसीकरन!" ती म्हणाली. "पायाखाली पाह्य जरा. किती रगत जाऊन राहिला. बस खाली."

"मला काही झालं नाही, मावशी."

"बस म्हनलं ना!"

तिने खांद्याला धरून मला मोहाच्या झाडाखाली बसवलंच. आमच्याकडच्या बोलण्यात अहो-जाहो फारसं नसतं. समोर सिस्टर असो की तहसीलदार, "तू" म्हणजे "तू". तिच्या त्या बोलण्याने मी जरा शुद्धीवर आले आणि नर्ससारखी बोलायला लागले.

"मावशी, ओढणीची घडी करा. जखमेवर ठेवा. दोन्ही हातांनी दाबा. जोर लावा, मला दुखेल म्हणून भिऊ नका."

तिने दाबलं. ओढणी भिजली. मी म्हटलं, काढू नका, तिच्यावरच आणखी कापड ठेवा. तिने डोक्याचं फडकं सोडलं. त्याखाली उजव्या कानाच्या वर तळहाताएवढा भाग केसांशिवाय होता, चकचकीत आणि सुरकुतलेला. मी बघितलं आणि विसरले. तिने फडकं घडी करून वर ठेवलं, परत दाबलं, आणि मान मागे टाकून जंगलाकडे तोंड करून लांब हाक दिली. दुसरीकडून तशीच हाक आली. गोंडीत दोन वाक्यं इकडून गेली, एक तिकडून आलं.

"ट्रॅक्टर सांगतला," ती मला म्हणाली. "येते."

रक्त थांबेना तेव्हा तिने मला न विचारता एक गोष्ट केली. हात काढले, उजवा गुडघा उचलला आणि त्या घडीवर रोवला. अंगाचा सगळा भार माझ्या मांडीवर. इतका वेळ बाहेर थांबलेलं दुखणं त्या क्षणी आत आलं. मी किंचाळले. ती हलली नाही.

"बोंबल," ती म्हणाली. "बोंबल, मोठ्यानं बोंबल. मी नाही उठत."

तिचा गुडघा बसल्यावर कडेने येणारी धार आटली, ते मी पाहिलं. मी तिला हातातल्या बांगड्या काढायला सांगितल्या, हात सुजला की त्या रुतल्या असत्या. गुडघा तसाच ठेवून तिने वाकून एकेक बांगडी उतरवली. घड्याळही काढायला लावलं आणि ते माझ्या उजव्या हातात घेतलं. मला नाडी मोजायची होती. गळ्याशी बोटं लावली, पण बोटंच इतकी थरथरत होती की नाडी कुठली आणि थरथर कुठली ते कळेना.

"मावशी, तुमची बोटं द्या." मी तिची दोन बोटं माझ्या गळ्याला लावली. "काही उडतंय का?"

"उडते."

"प्रत्येक उडीला टक म्हणा. मी घड्याळ बघते."

ती म्हणायला लागली. टक, टक, टक. जीभ टाळूला लावून बैल हाकताना करतात तसला आवाज. मी पंधरा सेकंद मोजले. चौतीस झाले. म्हणजे मिनिटाला एकशे छत्तीस. मी पुन्हा मोजायला लावलं, पस्तीस झाले.

"जास्त हाये का?" तिने विचारलं.

"जास्त आहे."

"मंग कमी कर."

मला हसू आलं. तेवढ्या अवस्थेतही आलं. मग थंडी वाजायला लागली. मार्चअखेरच्या आमच्या उन्हात, अंगाला गार घाम आणि दात वाजत होते. हातापायांची बोटं पांढरी पडली होती. याचा अर्थ मला नीट माहीत होता. आमच्या भागातल्या जुन्या तलावांवर पाणी कमी झालं की पाणी सोडणारा पाटकरी टोकाच्या धानाच्या बांध्यांकडे जाणारं पाणी आधी बंद करतो आणि उरलेलं महत्त्वाच्या ठिकाणी वळवतो. शरीरही तेच करतं. कातडी, बोटं, आतडी यांचं पाणी तोडायचं आणि मेंदू, काळीज जगवायचं. मी मावशीला माझे पाय उचलून मोहफुलांच्या टोपलीवर ठेवायला सांगितले. तिने गुडघा न उचलता पायाने टोपली ओढली आणि आधी उजवा, मग जपून डावा पाय वर ठेवला. टोपली दबली, फुलं बाहेर सांडली. सकाळपासूनची तिची मेहनत होती ती. तिने तिकडे पाहिलंही नाही.

मला तहान लागली होती. तशी तहान मला त्याआधी कधी लागली नव्हती आणि त्यानंतरही नाही. तिच्याजवळ पाण्याचा डबा होता. मी स्वतःच तिला सांगितलं, "प्यायला देऊ नका, ऑपरेशन करावं लागेल. नुसते ओठ ओले करा." आणि पाच मिनिटांनी मीच तिला पाणी मागत होते. भांडत होते म्हणा.

"तूच नाही म्हनली होती."

"आता मी हो म्हणते."

"आता तुयं नाही ऐकत मी," ती म्हणाली आणि पदराच्या ओल्या टोकाने माझे ओठ पुसले.

इथून पुढे मी तिच्यावर हुकूम चालवत नव्हते, ती माझ्यावर चालवत होती. हे मी मुद्दाम सांगते. कारण यानंतर मला छान वाटायला लागलं. थंडी कमी झाली, दुखणं दूर गेलं. झाडावर सकाळचं ऊन होतं, वरून एखादं फूल पडत होतं, आणि मला वाटलं की सगळं ठीक चाललं आहे, थोडं झोपावं. एकोणीस वर्षांत मी किती नातेवाइकांना सांगितलं असेल की पेशंट शांत झाला म्हणजे बरा झाला असं समजू नका. रक्त कमी पडलं की मेंदूला झापड येते, आणि झापड आलेल्याला आपल्याला काही झालंय हेच पटत नाही. मला तर पक्की खात्री होती की आता काळजीचं कारण नाही.

तिने माझ्या गालावर चापट मारली. हळू नाही, चांगली जोरात.

"डोरे उघड."

"झोपू दे थोडं."

"निजू नोको. माह्याकडे पाह्य. मी बी निजली होती अशीच. अस्वलानं फाडली होती मले. मले बी लय बरं वाटत होतं. माह्या नवऱ्यानं काठीनं मारून मारून उठवली, तवा वाचली. तू उठत नाही तं मी बी मारीन."

तेव्हा मला कानावरची ती जागा पुन्हा दिसली. मग ती बोलत राहिली आणि मला बोलायला लावत राहिली. लेकरं किती? एकच मुलगी, पुण्यात शिकते. माहेर कोनतं? मुर्री. तिकडे धान चांगला होते का? होतो. सासू कशी हाये? मी म्हटलं, बरी आहे. ती म्हणाली, खरं सांग, आता तं खरं सांग. मी काय सांगितलं ते इथे लिहीत नाही.

ट्रॅक्टर आला. चालवणारा तिच्याच गावचा होता. त्याने आणि आणखी दोघांनी मला चादरीत घालून ट्रॉलीत ठेवलं. ट्रॉलीत धानाचं तणस पसरलेलं होतं. या सगळ्यात ती मावशी माझ्या मांडीवरून उठली फक्त एकदा, मला वर चढवताना, आणि ट्रॉलीत बसताच पुन्हा गुडघा रोवला. अर्जुनीपर्यंत खड्ड्याखड्ड्यांतून ती तशीच बसून आली. लसींचा डबा कुणीतरी माझ्या डोक्याशी ठेवला होता. दवाखान्याच्या दारात माझ्याच सोबतच्या सिस्टरने मला पाहिलं. ती रडत होती, पण तिच्या हातांनी काम सुरू केलं होतं. दोन मिनिटांत सलाईन लागलं, हाताला फळी बांधली, मांडीवर घट्ट पट्टी बसली. आमच्या डॉक्टरांनी रक्तदाब बघितला आणि आकडा मला ऐकू जाणार नाही अशा आवाजात सांगितला. मी ओठांवरून वाचला. मग ॲम्ब्युलन्सने गोंदियाला.

गोंदियात रक्ताच्या दोन पिशव्या चढल्या, मांडी आतून एकेक थर करत शिवली गेली, हातातल्या दोन्ही हाडांना स्टीलच्या पट्ट्या बसवल्या. तिथले सर्जन शहरातल्या बहुतेकांसारखे हिंदीत बोलायचे. मी शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिलं वाक्य म्हटलं, "सिस्टर, उंगलियां हिलाइए." मी हलवली. पाचही हलली. तेव्हा मी ठरवून टाकलं की माझा हात मला परत मिळणार आहे.

दुसऱ्या दिवशी एक छोटी गडबड झाली. सकाळी माझी साखर तपासली तर ती वाढलेली निघाली. नवरा धावत माझ्याकडे आला.

"तुला शुगर निघाली! आपल्या घरात तर कुणाला नाही."

"मलाही नाही. शरीर घाबरलंय. ते साठवलेली सगळी साखर रक्तात सोडून बसलंय. अजून त्याला वाटतं की पळायचं आहे. चार दिवसांत उतरेल."

"तुला काय माहीत?"

"माझं कामच ते आहे."

त्याने तरी डॉक्टरांना विचारलं. ते हसले आणि म्हणाले, बाईसाहेब बरोबर सांगताहेत. साखर पाचव्या दिवशी उतरली. लघवीचंही तसंच झालं. पहिला दिवस-रात्र अगदी थोडी होत होती, शरीर पाण्याचा थेंबही सोडायला तयार नव्हतं. तिसऱ्या दिवशी सुरू झाली ती थांबेना. हाताची, तोंडावरची सूज उतरायला लागली. वॉर्डमधल्या आयाबाई भांडं बदलून बदलून कंटाळल्या, आणि मी मात्र खूश होते. माझं शरीर आता कोणत्या पायरीवर आहे ते मला कळत होतं, आणि पुढची पायरी कोणती तेही. मी इतरांना सांगते त्या क्रमानेच सगळं घडत होतं. बारीक ताप आला, तोही येणारच होता. जखमेच्या कडा लाल आणि गरम झाल्या, मी रोज बघून घ्यायचे की लाली पुढे सरकत तर नाही. नाही सरकली.

एकच गोष्ट क्रमात नव्हती, किंवा असेलही आणि मला कुणी शिकवली नसेल. चौथ्या दिवशी दुपारी नवऱ्याने खुर्ची सरकवली. फरशीवर पाय घासल्याचा कर्कश आवाज झाला, आणि मी थरथरायला लागले. दात वाजायला लागले, रडू फुटलं, थांबवता येईना. त्याला वाटलं ताप चढला. ताप नव्हता. ज्या दिवशी रडायला हवं होतं त्या दिवशी शरीराकडे वेळ नव्हता, ते आता करून घेत होतं. पाऊण तास रडले. मग झोप लागली आणि उठले तेव्हा भूक लागली होती. त्या चार दिवसांत पहिल्यांदाच. मी वाळलेल्या झिंग्यांची चटणी आणि भात मागितला. नवऱ्याने मुर्रीला फोन केला, आणि संध्याकाळी आई डबा घेऊन आली. मी जेवत असताना ती आमच्या पोवारी बोलीत मला रागावत होती, की एवढी शिकलेली बाई आणि डुकरं मोजता येत नाहीत.

दीड महिना मी तिच्याकडे मुर्रीत राहिले. सात किलो वजन गेलं. हाताची पट्टी उघडली तेव्हा आत वाळलेल्या शेवग्यासारखी एक काठी होती, कातडी सैल, केस लांब वाढलेले. शरीराने जखम भरायला स्वतःचंच मांस काढून वापरलं होतं. मी आईला म्हटलं, रोज दोन अंडी, वरण आणि मासळी. फिजिओथेरपिस्टने व्यायाम दिले. लाटणं मुठीत धरायचं आणि हात आत-बाहेर फिरवायचा. पहिल्या दिवशी लाटणं बोटभर फिरलं. मी भिंतीवर पेन्सिलने खूण केली. दुखायचं, पण हे दुखणं वेगळं होतं, मी सांगेन तेव्हा सुरू व्हायचं आणि मी थांबवलं की थांबायचं. अशा दुखण्याची मला भीती वाटत नाही.

नवऱ्याला मात्र भीती होती. "बदली मागू," तो म्हणाला. "गोंदियात ऑफिसचं काम मिळेल. कागद लिहायचे. उजवा हात तर ठीक आहे."

"आणि मंगळवार?"

"मंगळवारी दुसरं कुणी जाईल."

"तिला रस्ता माहीत नसेल."

"तुला होता ना माहीत," तो म्हणाला.  तिसऱ्या दिवशी त्यानेच माझी स्कूटी दुरुस्तीला टाकली. आमच्या घरात माफी अशीच मागतात.

कामावर परतल्यावर पहिल्या मंगळवारी मी आमच्या आशा कार्यकर्तीच्या स्कूटीवर मागे बसून गेले. वळण यायच्या आधीच तळहात ओले झाले. तोंड सुकलं. डुक्कर नाही, काही नाही, मोकळा रस्ता. पण शरीराने ती जागा नोंदवून ठेवली होती आणि मला न विचारता तयारीला लागलं होतं. मी गाडी थांबवायला लावली.

"काऊन, सिस्टर? चक्कर आली का?" आशाताईने विचारलं.

"नाही. थांबायचं आहे. थोडा वेळ इथेच."

मी रस्त्यावर उभी राहिले आणि नाडी मोजली. एकशे दहा. पळून जायची फार इच्छा झाली. मी उभी राहिले. श्वास सावकाश सोडत राहिले. बारा-तेरा मिनिटांनी नव्वद झाली, मग चौऱ्याऐंशी. तेव्हा म्हटलं, चल. पुढच्या मंगळवारी तसंच. त्याच्या पुढच्या मंगळवारी आठ मिनिटं लागली. चौथ्या मंगळवारी मी स्वतः स्कूटी चालवत होते. सहाव्या की सातव्या मंगळवारी गावाची अंगणवाडी दिसली आणि लक्षात आलं की वळण मागे गेलं आणि मी ते बघितलंच नाही. शरीराला धाक घालून ते गप्प बसत नाही. त्याला पुन्हा पुन्हा तिथे नेऊन दाखवावं लागतं की बघ, काही नाही.

मावशीकडे मी पहिल्याच मंगळवारी गेले होते, आईने शिवलेली गोधडी घेऊन. तिचं घर गावाच्या शेवटाला, अंगण सारवलेलं, मोहफुलं वाळत टाकलेली. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला, मुलगा-सून शेजारच्याच घरात. तिने गोधडी हातात घेऊन जड आहे का ते बघितलं आणि आत ठेवली. मी आभार मानायला लागले तर म्हणाली, "दाखव." मी सलवार वर करून व्रण दाखवला. तिने बोट फिरवून पाहिला. "चांगला शिवला. माह्याले तं नवऱ्यानं हरद भरून फडका बांधला होता."

मग तिने तिचं दाखवलं. कानावरचं, मानेवरचं आणि डाव्या खांद्यावरचे चार समांतर पट्टे. पंधरा वर्षांपूर्वी, असाच मोहाचा हंगाम, झाडापलीकडे अस्वल फुलं खात होतं, दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता. ती राग न धरता सांगत होती. "त्याले बी भेव वाटला असन."

बोलताना माझ्या लक्षात आलं की तिचा डावा हात खांद्याच्या वर जात नाही. माझ्यातली सिस्टर जागी झाली. मी तिला भिंतीसमोर उभं केलं आणि बोटांनी भिंत चढत हात वर न्यायचा व्यायाम दाखवला. मी माझं लाटणं पिशवीतून काढलं. आम्ही दोघी तिच्या ओसरीत उभ्या, ती भिंत चढते आहे, मी लाटणं फिरवते आहे. तिची सून दारातून बघून हसत होती. पुढचे तीन महिने दर मंगळवारी मी हे करायला लावलं. हात चार बोटं वर गेला. त्यापुढे हलेना. मी म्हटलं, आपण सोडायचं नाही.

"बाई, तू सोड आता," ती म्हणाली. "वर हात नेऊन करू का मी? मोहफूल तं खालीच पडते."

मी सोडलं. नर्सने कुठे थांबायचं हे पेशंटला जास्त कळतं, हे मी मान्य केलं, पण मनात. तिला उघड सांगितलं असतं तर तिने पुढच्या मंगळवारी स्वतःची औषधंही सोडली असती, कारण मंगळवारच्या माझ्या तपासणीत तिचा रक्तदाब वाढलेला निघाला आहे. गोळी रोज घ्यायची असते हे तिला अजून पटत नाही. "आज बरं वाटून राहिलं तं कायले खाऊ?" असं विचारते. मी गोळ्यांची पट्टी तपासते, तीन गोळ्या जास्त शिल्लक निघतात, आणि आमचं भांडण सुरू होतं.

माझ्या हातातल्या पट्ट्या आतच आहेत, डॉक्टर म्हणाले काढायची गरज नाही. थंडीत त्या जागी गार लागतं. हात पूर्ण उताणा होत नाही, शेवटचा थोडा भाग राहिला तो राहिला. त्या हाताने मी लसीच्या बाटल्या उचलते, बाळाचा दंड धरते, स्कूटीचं हँडल धरते. आता आशाताईंच्या दर महिन्याच्या बैठकीत मी रक्तस्राव कसा थांबवायचा ते शिकवते. एकीला सतरंजीवर झोपवते, दुसरीला म्हणते, हातांनी पुरेना तर गुडघा लाव. त्या लाजतात, हळूच टेकवतात. मी म्हणते, असा नाही, सगळा भार टाक. ती ओरडेल. ओरडू दे.